तिसऱ्या गिअरमधलं गुणगुणणं

या, असे जवळ सरका. दार लोटून घ्या, म्हणजे रस्त्याचा गलबला आत येणार नाही. ही गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. यात एक गेलेला माणूस आहे, त्याची बायको, लेक आणि धाकटा भाऊ आहेत, आणि एक जुनी व्हॅन आहे. भुताची गोष्ट आहे का, असं विचाराल तर आधी ऐका आणि मग तुम्हीच ठरवा. मी तिला मायेची म्हणेन. मायेनंही माणूस झपाटतो हो, आणि ते झपाटणं उतरवायला देवालासुद्धा जड जात असेल.

त्या माणसाला सगळे बेसूर म्हणत. तोंडावर म्हणत आणि तो ओ देई. दोघा भावांचं गॅरेज होतं. थोरला तो बेसूर. गाडीखालच्या खड्ड्यात उतरला, पाना हातात घेतला, की लागला गुणगुणायला. त्याला गाऊन सांगितलेल्या कथांचं वेड होतं. जवळच्या सभागृहात गाऊन निरूपण करणारं कोणी आलं, की हा हाताचं ग्रीस कसंबसं पुसून जायचा आणि मागच्या भिंतीला टेकून बसायचा. देवाचं नाव सुरात आलं की याचे डोळे भरायचे. दुसऱ्या दिवशी तेच पद खड्ड्यातून वर यायचं, पण असं की मूळ गाणाऱ्यानं ऐकलं असतं तर गाणंच सोडलं असतं.

"दादा, देवाला ऐकू येतं हो सगळं!" धाकटा वरून ओरडायचा.

"माहीत आहे. म्हणून तर हळू म्हणतोय," खालून उत्तर यायचं.

त्या सभागृहातला मोठा लाउडस्पीकर फाटला, तेव्हा तो दुरुस्तीला यांच्याकडेच आला. त्याच्या आतल्या कागदी पडद्याच्या पार चिंध्या झालेल्या. धाकटा म्हणाला, भंगारात टाक. थोरल्यानं बाकी सगळं टाकलं, पण मागचं चुंबक सोडवून ठेवलं. बांगडीसारखं गोल, तळहाताएवढं, काळं आणि चांगलं जड.

"यातून इतकी वर्षं देवाचं गाणं गेलंय. भंगारात कसं टाकू?"

"मग काय, रोज दोन फुलं वाहणार आहेस त्याला?"

"छे. कामाला लावतो."

काम होतं व्हॅनचं. ती व्हॅन त्याची लेक चालवायची. लेकीला लहानपणी चिमणी म्हणत, आणि आता ती चांगली आडव्या बांध्याची, व्हॅनचं चाक एकटीनं उतरवून लावणारी बाई झाली, तरी चिमणीच. वस्ती टेकडीवर होती आणि मोठा दवाखाना खाली. ज्यांना उपचारासाठी सारखं खाली जावं लागे, त्यांना चिमणी नेई आणि परत आणी. रस्ता सगळा वळणांचा, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. असा उतार नुसत्या ब्रेकवर उतरत नाहीत. गाडी गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे इंजिन तिला मागे ओढून धरतं. गिअर सुटला की गाडी मोकळी झाली, आणि मग ब्रेक तापून केव्हा दगा देतील याचा नेम नाही.

म्हणून थोरल्याला त्या जुन्या गिअरबॉक्सचा घोर होता. गिअरबॉक्सच्या पोटात लोखंडाचे दात लोखंडाच्या दातांवर फिरतात. फिरतात म्हणजे झिजतात, आणि झिजलेलं लोखंड पिठासारखं होऊन ऑइलमध्ये उतरतं. ते तसंच ऑइलबरोबर फिरत राहिलं, तर जाईल तिथे घासतं आणि आणखी कीस पाडतं. त्यासाठी तळाच्या बुचाला चुंबकाचा तुकडा असतो. आलेला कण तो पकडून ठेवतो. या व्हॅनच्या बुचाचा तुकडा केव्हाच गळून गेला होता. पण गिअरबॉक्सच्या तळाला पातळ पत्र्याचं झाकण होतं. थोरल्यानं ते लाउडस्पीकरचं चुंबक बाहेरूनच पत्र्याला लावलं. ठप्प! ओढ पत्र्यातून आत पोचली.

"आणि हे कधी काढायचं झालं तर?" चिमणीनं विचारलं.

"आधी ऑइल सोडायचं. मग झाकण उतरवून आतला कीस पुसायचा. हे सगळ्यात शेवटी. उलटं केलंस तर इतक्या दिवसांचा साठलेला कीस एका दमात ऑइलमध्ये सुटेल आणि गिअरबॉक्स स्वतःलाच खाईल. ऐकलंत ना हो धाकटे?"

"ऐकलं, ऐकलं. उद्या परीक्षा घे माझी."

भाऊ आणि लेक, दोघांनी ऐकलं. बायको तेव्हा घरी शिवणाच्या मशीनवर होती. तिनं ऐकलं नाही. एवढं ध्यानात असू द्या.

मग एका सकाळी थोरला त्याच व्हॅनखाली खड्ड्यात उतरला. धाकटा वर टायरशी झटत होता. खालून गुणगुणणं येत होतं, नेहमीसारखंच, सुराला सोडून. आणि ओळ अर्धीच राहिली.

धाकट्याला वाटलं, दम घेत असेल. मग वाटलं, पाना पडला असेल. "दादा?" म्हणून तो खाली वाकला, तर थोरला खड्ड्याच्या भिंतीला टेकलेला, एक हात वर, आणि बोटं त्या चुंबकावर. जणू त्याला धरूनच उभा. काळीज बंद पडलं होतं. बोटं सोडवताना धाकट्याला जोर लावावा लागला.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना देवानं ते इतक्यात कळू देऊ नये.

धाकट्यानं खड्ड्यावर फळ्या टाकल्या. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "जॅकवर उचलून करतो, खड्ड्यात पाणी येतंय." पाणीबिणी काही नव्हतं. त्याला फळ्यांखालून टकटक ऐकू यायची, पाना लोखंडावर हळूच आपटल्यासारखी. रेडिओ मोठा केला तरी मधल्या शांततेत यायचीच. चिमणी विचारायची, "काका, व्हॅनचं ऑइल बदलायचं राहिलंय." तो म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात." पुढचा आठवडा यायचा आणि जायचा. त्या व्हॅनखाली जायची त्याची छाती होत नव्हती.

आणि त्याची वहिनी, थोरल्याची बायको? वहिनीनं नवऱ्याचा शर्ट हुंगून पाहिला, तर धुतलेला. चपला पाहिल्या, तर कोणीतरी पुसून ठेवलेल्या. त्याचं म्हणावं असं घरात काही उरलंच नव्हतं. मग तिच्या मनात आलं, शेवटचा हात कशावर होता? धाकटा सामान आणायला गेला आणि व्हॅन नेहमीच्या जागी, खड्ड्यावरच्या फळ्यांवर उभी होती, अशी एक दुपार तिनं गाठली. चपला काढल्या, फळ्यांवर आडवी झाली आणि व्हॅनखाली सरपटत गेली. चुंबक सहजी सुटेना. तिनं ते सरकवत सरकवत पत्र्याच्या कडेला आणलं आणि उपसून काढलं. पदराखाली लपवून घरी नेलं. वर पत्र्याच्या आत किती दिवसांचं काय मोकळं झालं, ते त्या माउलीला काय ठाऊक! तिला वाटलं, माझा माणूस मी घरी आणला.

आणि खरंच, घरात कोणीतरी आल्यासारखं झालं हो. तिनं चुंबक रुमालात गुंडाळून मशीनशेजारच्या खणात ठेवलं. खणात नवऱ्याचं किल्लीचं घड्याळ होतं. ते बंद पडलं. किल्ली दिली, पुन्हा बंद पडलं. टेबलावरची सुई बघता बघता वळली आणि टोक खणाकडे करून थांबली. टाचण्यांची डबी जवळ नेली तर टाचण्या एकेक करून उभ्या राहिल्या, कोणी मोठं माणूस आत आल्यावर मुलं उठतात तशा. वहिनी दचकली नाही. म्हणाली, "आलात? बसा. हा काठ संपवते आणि चहा टाकते." तेव्हापासून ती त्याच्याशी बोलायला लागली. टाचण्या उभ्या राहिल्या की तो हो म्हणतोय, एवढं तिला पुरे होतं. चुंबकाचे गुण तिला कळत नव्हते असं नाही. कळून घ्यायचे नव्हते.

इकडे व्हॅनमध्ये आवाज सुरू झाला.

तिसरा गिअर टाकला की पायांखालून एक गुणगुणणं यायचं. खालच्या पट्टीतलं, मधेच वर जाणारं, पुन्हा घसरणारं. चिमणीनं पहिल्यांदा ऐकलं आणि तिच्या हातावर काटा आला. तोच बेसूर! ती उतारभर तिसरा गिअर धरून राहिली. पुढे पुढे तर दुसऱ्यात घालायची जागा आली तरी घालेना. गिअरबॉक्समधलं बेअरिंग झिजून बोलायला लागलं की असाच आवाज येतो, हे ती जाणत होती; गॅरेजवाल्याची लेक ती. पण काकाला सांगितलं असतं तर काकानं तो आवाज काढून टाकला असता. म्हणून तिनं सांगितलंच नाही.

असे तिघे. एकाला खाली बघायचं नव्हतं, एकीनं आणलेलं लपवलं होतं, एकीनं ऐकलेलं. तिघांच्या गप्प बसण्यात माया सोडून दुसरं काही नव्हतं, आणि त्या गप्प बसण्यात गिअरबॉक्स आतून पोखरला जात होता.

मग एक दिवस चिमणीला राहवेना. "आई, आज माझ्याबरोबर चल खाली."

"मला काय झालंय दवाखान्यात जायला?"

"दवाखान्यात नको येऊस. नुसती बस माझ्या शेजारी. ऐकायचंय काहीतरी तुला."

त्यांना घरी एकटं कुठे ठेवायचं म्हणून वहिनीनं रुमालातलं चुंबक पिशवीत घातलं. मागे एकच पेशंट होत्या, निवृत्त शाळामास्तरीण, मूत्रपिंडाच्या उपचाराला जाणाऱ्या. जीभ त्यांची भल्याभल्यांना धारेवर धरी.

"आज सहलच काढलीय वाटतं," त्या म्हणाल्या. "डबा आणलाय का? मला चालत नाही काही, पण वास घेईन."

वस्ती मागे पडली. उताराच्या आधी एक लांब सपाट पट्टा लागतो. चिमणीनं तिसरा टाकला. "आता ऐक."

गुणगुणणं आलं. वहिनीनं पिशवी छातीशी धरली.

"हे... हे तर..."

"हो ना?"

"अहो," वहिनी पायांकडे बघून म्हणाली, "इथेही आहात होय!" आणि हसता हसता तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. मास्तरीणबाई मागून काही बोलणार होत्या, पण त्याही गप्प राहिल्या. इतक्या वर्षांच्या शिक्षिका; कुठे गप्प राहायचं ते त्यांना कळत होतं.

एवढ्यात तो सूर चढला. चढला आणि फाटला. गुणगुणण्याची किंकाळी झाली, चिमणीच्या तळहाताखाली गिअरचा दांडा थरथरला आणि खट्‌कन उडून मधे आला. गिअर सुटला. सपाटी होती म्हणून व्हॅन नुसती पुढे वाहत राहिली.

चिमणीनं पुन्हा टाकला. पुन्हा सुटला.

"काय झालं गं?"

"काही नाही. दुसऱ्यात घालते, हळूहळू उतरवते. बाईंना उशीर होईल नाहीतर."

समोर रस्ता खाली वाकत होता. पहिलं वळण दिसायला लागलं होतं.

"थांबव," वहिनी म्हणाली.

"आई, बाबा आहेत ना बरोबर! तूच ऐकलंस आत्ता. मग भ्यायचं कशाला?"

"थांबव म्हणते ना! तुझे बाबा बेसूर होते, पण जन्मात कधी ओरडले नाहीत. तुझ्यावर तर नाहीच नाही. हे जे ओरडतंय ते तुझे बाबा नाहीत. वळव गाडी."

चिमणीचा पाय ब्रेकवर गेला तो रागानं की भीतीनं, हे तिलाही सांगता येत नाही. व्हॅन वळणाच्या अलीकडे उभी राहिली. पुढचा रस्ता समोर मोकळा पडलेला. खालून वारा येत होता.

"माझ्यासाठी दुसरी गाडी बोलवा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फोन आहे ना कोणाकडे? की मीच काढू? आणि तुम्ही दोघी आधी पाणी प्या."

मास्तरीणबाई दुसऱ्या गाडीतून गेल्या. व्हॅन पहिल्या गिअरमध्ये रखडत गॅरेजला परत आली. धाकट्यानं गाडीचा आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा उतरला.

"किती दिवस येतोय हा आवाज?"

चिमणीनं व्हॅनची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"ठार झाली असतीस! आणि बरोबर ती म्हातारी! मला का नाही सांगितलंस?"

"तू काढून टाकला असतास."

धाकट्याला उमगायला वेळ लागला नाही. त्यालाही टकटक ऐकू येतच होती. तो खड्ड्यापाशी गेला आणि एकेक फळी उचलून भिंतीला लावायला लागला. व्हॅन ढकलून खड्ड्यावर घेतली. मग दिवा हातात धरून, मनातल्या मनात देवाचं नाव घेत तो खाली उतरला. खाली टकटक नव्हती. नुसता ऑइलचा वास होता आणि भिंतीवर भावाच्या पाठीनं वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलेली जागा. तो क्षणभर तिथे टेकून उभा राहिला.

बूच काढलं. खालच्या ट्रेमध्ये ऑइलची धार पडली आणि दिव्याच्या उजेडात चमकायला लागली, चांदीचा भुगा कालवल्यासारखी. धाकट्यानं चुंबकासाठी हात वर केला. नुसता पत्रा हाताला लागला. पत्र्यावर सुकलेल्या चिखलात एक गोल, स्वच्छ जागा.

"चुंबक कुठे गेलं?" त्याचा आवाज खड्ड्यात घुमला. "कोणी काढलं? ऑइल न सोडता कोणी काढलं?"

वहिनीनं पिशवीतून रुमाल काढला. खड्ड्याच्या काठाशी बसली आणि गाठ सोडली.

"भाऊजी, मी."

"वहिनी! काय केलंत हे?"

"त्यांचा हात होता यावर."

धाकट्यानं हातातला दिवा खाली ठेवला. मग खालूनच, लहान मुलाला सांगावं तसं त्यानं तिला सांगितलं, हे पत्र्याला का लावलं होतं, काय अडवत होतं, आणि ते काढल्यावर आत काय सुटलं. वहिनी ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा रंग पांढरा पडत गेला.

"म्हणजे माझ्या पोरीला मीच..."

"तुम्ही एकट्या नाही. मी वेळेवर ऑइल बदललं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. ही बया वेळेवर बोलली असती तर तेव्हाच कळलं असतं. कोणी कोणाला बोलायचं?"

वहिनीनं चुंबक त्याच्या हातात दिलं. त्यानं ते ट्रेमधल्या ऑइलात बुडवून फिरवलं आणि वर उचललं. काळा कीस केसासारखा ताठ उभा राहिला होता, दाट, ओला. पुरुषाच्या न केलेल्या दाढीसारखा. वहिनीनं नकळत हात पुढे केला आणि बोटांनी त्यावरून फिरवलं. ट्रेमध्ये मागे थोडी सोनेरी झाक उरली. ते गिअरमधल्या कड्यांचं झिजलेलं पितळ, चुंबकाला चिकटत नाही.

गिअरबॉक्स उतरवला. बेअरिंग गेलेलं, तिसऱ्या गिअरचे दात खाल्लेले. सगळं नवं घालावं लागलं आणि आतला कोपरा न् कोपरा धुवावा लागला. बसवायची वेळ आली तेव्हा धाकटा म्हणाला, "वहिनी, चुंबकाचं नवं बूच आणलंय. ते पुरेसं आहे. हे तुम्ही घरी न्या. खुशाल न्या."

वहिनी रुमाल हातात चुरगाळत उभी होती.

"घरी नेऊन मी त्यांना काय अडवायला सांगणार, भाऊजी? टाचण्या? इतका मोठा माणूस, आणि मी त्याला सुयांच्या खणात कोंडला. तुमचं बूच असू दे. त्याच्या जोडीला हेही असू दे."

"मग आणा, लावतो."

"तुम्ही वर या. मी लावते."

आणि ती बाई पदर खोचून खड्ड्यात उतरली. उतरताना पाय चाचपडला. चिमणीनं वरून हात दिला. जिथे नवरा टेकला होता तिथे ती टेकली आणि हात वर केला. चुंबक पत्र्याजवळ जाताच तिच्या हातातून ओढलं गेलं. तिची बोटं काही वेळ वरच राहिली. मग तिनं एकेक बोट काढलं, तिचं तिनंच.

दुसऱ्या सकाळी चिमणी फेरीला निघाली. मागे मास्तरीणबाई. सपाटी आली. चिमणीनं दुसरा टाकला, मग तिसरा. दांडा लोण्यातून सरकल्यासारखा बसला. तिनं कान दिला.

काही नाही. इंजिनाची घरघर, काचेवर वारा, चाकांखालचा रस्ता. खालून काही नाही.

ती आणखी थोडी गेली. मग वळणाच्या अलीकडे तिनं व्हॅन कडेला घेतली, ब्रेक ओढला, कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि रडायला लागली. बाप गेल्यापासून ती रडली नव्हती. रडणार कशाला? तो रोज तिसऱ्या गिअरमध्ये भेटत होता. आज तो गेला. तिच्यापुरता तो आजच गेला. तोंडात पदर कोंबून नाही, चांगली मोकळ्या गळ्यानं रडली ती, डोंगराला ऐकू जाईल अशी.

मास्तरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही. पुढे वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"होऊ दे, बाळ. दवाखाना कुठे पळून जात नाही, आणि माझी सुई तर मुळीच नाही."

पुष्कळ वेळानं चिमणीनं डोळे पुसले, पहिला गिअर टाकला आणि ती उतार उतरायला लागली. जपून, जागच्या जागी दुसऱ्यात घालत. गाडी तिच्या धाकात राहिली.

संपली गोष्ट. एवढंच मागतो तुमच्याकडे: कधी उतारावर तुमची गाडी नीट उतरली, काही वाजलं नाही, काही सुटलं नाही, तर त्या बेसूर माणसाचं एकदा नाव काढा. त्याचं खरं नाव मी सांगितलेलं नाही. देवाला ते माहीत आहे. तुम्ही बेसूर म्हणालात तरी तो ओ देईल.